यंत्राला ‘ळ’ ऐकू येतो का? जुनं सॉफ्टवेअर, नवी विंडोज आणि धाराशिवचा आवाज

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखाच लिहून काढलाय. बोलण्याच्या ओघात मागंपुढं झालेलं तेवढं सरळ केलंय, बाकी बाज बोलण्याचाच ठेवलाय.

सुरुवात एका छोट्या प्रयोगाने करू. फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबा, भाषा मराठी ठेवा आणि ही आठ नावं सलग म्हणा: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी. हे धाराशिव जिल्ह्याचे आठ तालुके. स्क्रीनवर काय उमटतं ते बघा. नाव चुकलं तर नेमकं कुठं चुकलं तेही बघा. ‘ळ’चा ‘ल’ झाला का? ‘धाराशिव’चे दोन तुकडे झाले का?

या बारीकशा चुकांमागं सत्तर वर्षांचा इतिहास आहे. आवाज ऐकून लिहिणारं सॉफ्टवेअर दोन बाजूंनी जुनं होत जातं. एक बाजू खालची. ते ज्या विंडोजवर किंवा अँड्रॉइडवर उभं असतं ती जमीनच बदलते. दुसरी बाजू आतली. त्याला शिकवलेले शब्द मागं पडतात आणि माणसं पुढं जातात. आज दोन्हींबद्दल बोलू. आणि शेवटी एक प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: यंत्र जुनं झाल्यावर त्याला शिकवण्यासाठी घेतलेल्या कष्टांचं काय होतं?

दहा अंकांपासून सुरुवात

१९५२ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये ‘ऑड्री’ नावाचं यंत्र तयार झालं. त्याला शून्य ते नऊ एवढे दहाच अंक ओळखता यायचे, आणि तेही ओळखीच्या आवाजात नीट. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, आयबीएमने सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनात ‘शूबॉक्स’ मांडलं. त्याची झेप सोळा शब्दांपर्यंत होती: दहा अंक आणि बेरीज-वजाबाकीसारख्या काही आज्ञा.

पुढं सत्तरच्या दशकात विचाराची दिशाच बदलली. आधी संशोधक यंत्राला उच्चाराचे नियम शिकवू पाहत होते. आता त्यांनी गणिताकडे मोर्चा वळवला. हजारो वाक्यांचं रेकॉर्डिंग घ्यायचं, कुठल्या आवाजानंतर कुठला आवाज येण्याची शक्यता किती याचा हिशोब करायचा आणि त्यावरून शब्दाचा अंदाज बांधायचा. या वाटेवर काम करणाऱ्यांत जेम्स आणि जॅनेट बेकर हे जोडपं होतं. त्यांनी १९८२ मध्ये ‘ड्रॅगन सिस्टिम्स’ ही कंपनी काढली.

१९९० मध्ये त्यांचं ‘ड्रॅगनडिक्टेट’ बाजारात आलं. किंमत सुमारे नऊ हजार डॉलर. वर अट अशी, की प्रत्येक शब्दानंतर थांबायचं. म्हणजे ‘मी. उद्या. बाजाराला. जाणार. आहे.’ असं तुकड्या-तुकड्यात बोलायचं. १९९७ मध्ये ‘ड्रॅगन नॅचरलीस्पीकिंग’ आलं आणि माणसाला पहिल्यांदा कॉम्प्युटरशी सलग, नेहमीसारखं बोलता येऊ लागलं. आयबीएमचं ‘व्हायाव्हॉइस’ही त्याच वर्षी आलं.

हे सॉफ्टवेअर वापरायचं कोण? डॉक्टर होते, वकील होते. पण ज्यांना त्याची खरी गरज होती ते लोक वेगळे होते. कुणाचे हात अपघातात गेलेले, कुणाला संधिवात, कुणाची मनगटं वर्षानुवर्षं टायपिंग करून निकामी झालेली. त्यांच्यासाठी हे सॉफ्टवेअर बंद पडणं म्हणजे लिहिणंच बंद पडणं होतं.

आणि ते घरी आणलं आणि लगेच चाललं असंही नव्हतं. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ठरावीक उतारे बराच वेळ मोठ्याने वाचून दाखवावे लागायचे. यंत्र तुमचा आवाज ओळखायला शिकायचं. मग रोज चुका दुरुस्त करायच्या, आपल्या कामाचे शब्द घालायचे, गावांची आणि माणसांची नावं शिकवायची. हे सगळं एका फोल्डरमध्ये साठायचं, त्याला ‘यूजर प्रोफाइल’ म्हणत. वर्षभर वापरलेलं प्रोफाइल म्हणजे वर्षभराची मेहनतच होती.

एक्सपीवर चालतं, पुढं अडतं

आता त्या मेहनतीचं काय झालं ते पाहू. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली. आपल्याकडच्या सायबर कॅफेत आणि कॉलेजच्या लॅबमध्ये तिने कितीतरी वर्षं राज्य केलं. हिरव्या टेकडीचं ते वॉलपेपर आठवत असेल. २००७ मध्ये व्हिस्टा आली, २००९ मध्ये विंडोज सेव्हन. जुनी आवाज-सॉफ्टवेअर्स इथंच अडखळू लागली.

कारणं तशी सोपी आहेत. पहिलं, आवाजाचा रस्ता. व्हिस्टात मायक्रोसॉफ्टने आवाज हाताळण्याची यंत्रणा नव्याने लिहिली. साधा मजकूर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला त्याने काही फरक पडत नाही, पण ज्याचं सगळं जगणंच माइकवर आहे त्याच्या पायाखालची सतरंजी ओढल्यासारखं झालं. दुसरं, मायक्रोफोन आणि साउंड कार्डचे ड्रायव्हर. ६४-बिट विंडोजला ६४-बिट ड्रायव्हर लागतो. जुना ३२-बिट ड्रायव्हर ती घेतच नाही. तिसरी गंमत इन्स्टॉलरची. नव्वदच्या दशकातले काही प्रोग्रॅम स्वतः ३२-बिट होते, पण त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट होता. ६४-बिट विंडोज १६-बिट काहीच चालवत नाही. म्हणजे घर ठीक आहे, दाराचीच किल्ली लागत नाही.

चौथं, आवाज-प्रोग्रॅम आणि विंडोज यांच्यामधला दुभाषी. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी एसएपीआय नावाची व्यवस्था केली होती. तिची चौथी पिढी आणि पाचवी पिढी एकमेकींना ओळखत नाहीत, आणि व्हिस्टापासून चौथ्या पिढीला आधार उरला नाही. पाचवं, परवानग्या. एक्सपीच्या जमान्यात प्रोग्रॅम कुठंही लिहू शकायचे, दुसऱ्या खिडकीत घुसून अक्षरं टाकू शकायचे. आवाज-सॉफ्टवेअरचं तर कामच ते: तुम्ही बोलायचं आणि त्याने वर्डमध्ये लिहायचं. व्हिस्टाने सुरक्षेसाठी या शेजाऱ्यांच्या मधे भिंती घातल्या. त्या घालणं गरजेचंच होतं, पण जुन्या प्रोग्रॅमला भिंतीतला दरवाजा माहीत नव्हता.

मायक्रोसॉफ्टलाही हे कळत होतं. विंडोज सेव्हनच्या प्रोफेशनल आणि वरच्या आवृत्त्यांसाठी ‘एक्सपी मोड’ दिला गेला, म्हणजे नव्या विंडोजच्या पोटात जुनी एक्सपी. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधारच संपला. तोवर व्हिस्टापासून विंडोजमध्ये स्वतःचं आवाज ओळखणारं साधन आलेलं होतं. पण भाषा कुठल्या? इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानी, चिनी. मराठी सोडाच, हिंदीही नव्हती. आता तेही साधन विंडोज ११ मध्ये मागं पडलंय आणि त्याच्या जागी ‘व्हॉइस ॲक्सेस’ आलंय, जे सुरुवातीला फक्त इंग्रजी समजायचं.

या काळात कंपन्याही एकीच्या पोटात दुसरी अशा गेल्या. ड्रॅगन २००० मध्ये बेल्जियमच्या ‘लर्नाउट अँड हॉस्पी’ने विकत घेतली. त्या कंपनीचा हिशोबातला घोटाळा बाहेर आला आणि ती बुडाली. ड्रॅगनचं तंत्रज्ञान ‘स्कॅनसॉफ्ट’कडे गेलं, जिचं नाव २००५ मध्ये ‘न्यूअन्स’ झालं. २०१८ मध्ये मॅकवरचं ड्रॅगन बंद झालं. २०२२ मध्ये न्यूअन्सच मायक्रोसॉफ्टने घेतली, जवळपास १९.७ अब्ज डॉलरच्या सौद्यात. एवढ्या हातबदलात ज्या माणसाने आपला आवाज दहा वर्षं त्या डब्यात भरला, त्याला कुणी विचारलं नाही.

आपल्याकडची गोष्ट वेगळी

मराठीची अडचण आवाजाच्याही आधी सुरू होते, अक्षरापासून. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. आपण सी-डॅक म्हटलं की ‘परम’ महासंगणक आठवतो, पण भारतीय लिपी कॉम्प्युटरवर आणण्याचं मोठं काम तिथंच झालं. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक ठरलं. पण ऑफिसांत आणि छापखान्यांत प्रत्यक्षात चाललं ते फॉन्टांचं राज्य. प्रत्येक फॉन्टची स्वतःची किल्ली. एका कॉम्प्युटरवर टाइप केलेला अर्ज दुसरीकडे उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. आजही जुन्या सीडीवर अशा फाइली सापडतात, आणि त्या वाचायला आधी फॉन्ट शोधावा लागतो.

युनिकोडने हा गोंधळ मिटवला. पण एक्सपीमध्येही देवनागरी आपोआप चालू नसायची. सेटिंगमध्ये जाऊन ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’चा चौकोन टिक करायचा आणि विंडोजची सीडी टाकायची. सीडी हरवली असेल तर मराठी नाही! आता विचार करा, अक्षरच जिथं धड टिकत नव्हतं तिथं आवाजाचं काय होणार.

तरी प्रयत्न झाले. केंद्राच्या राजभाषा विभागासाठी पुण्याच्या सी-डॅकने आयबीएमच्या तंत्रज्ञानाच्या साहाय्याने ‘श्रुतलेखन-राजभाषा’ तयार केलं. हिंदीत बोला, देवनागरीत लिहून घ्या. मराठवाड्यापासून काही तासांवरच्या पुण्यात, देवनागरीतून ऐकणारं सॉफ्टवेअर तयार होतं. लिपी आपली होती, भाषा मात्र हिंदी.

लिपी एकच आहे, मग मराठीला तेच चालेल असं कुणाला वाटेल. पण त्या काळच्या अशा कुठल्याही यंत्राच्या पोटात तीन गोष्टी असायच्या. एक, त्या भाषेतल्या ध्वनींचे नमुने. दोन, शब्दांची यादी. तीन, कुठल्या शब्दापुढं कुठला शब्द येतो याचा हिशोब. जे या तिन्हींत नाही ते यंत्र लिहू शकत नाही. ते गप्प बसत नाही, जवळचं काहीतरी उचलून ठेवतं.

आणि हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ‘ळ’ नाही. आता धाराशिव जिल्ह्याकडे बघा. तुळजापूर. कळंब. नळदुर्ग. भवानीचं ठिकाण, बाजारपेठेचा तालुका आणि किल्ल्याचं गाव. तिन्हींत ‘ळ’! हिंदीवर वाढलेल्या यंत्रापुढं ही नावं म्हटली तर ते फार तर ‘ल’ देणार. बाजारातलं माळवंही गेलं. शिवाय आपला ‘च’ दोन तऱ्हांचा. चहातला ‘च’ वेगळा आणि चमच्यातला वेगळा, लिहितो मात्र एकच. ज आणि झ चंही तसंच. हे यंत्राला शिकवायचं तर मराठी बोलणाऱ्या माणसांचे आवाज गोळा करण्याशिवाय मार्ग नव्हता.

फोनवरून शेतमालाचा भाव

ते काम एका अगदी जमिनीवरच्या गरजेतून झालं. २०१० च्या आसपास केंद्र सरकारच्या भाषा-तंत्रज्ञान कार्यक्रमातून एक प्रकल्प उभा राहिला: शेतकऱ्याने साध्या फोनवरून कॉल करायचा, आपल्या भाषेत जिल्हा आणि शेतमाल सांगायचा, आणि यंत्राने बाजारसमितीतला भाव सांगायचा. सहा भाषा निवडल्या गेल्या, त्यात मराठी होती. मराठीचं काम मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि आयआयटी मुंबईने केलं.

त्यासाठी महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांचे आवाज फोनवरून रेकॉर्ड झाले. स्टुडिओतला गुळगुळीत आवाज नको होता. मागं ट्रॅक्टर चालू आहे, वारा लागतोय, लाइन खरखरतेय, अशाच आवाजाची गरज होती, कारण खरा कॉल तसाच येणार. आणि यंत्राची शब्दयादी काय असणार? सोयाबीन, तूर, हरभरा, कांदा, आणि जिल्ह्यांची, बाजारांची नावं.

हे ‘स्फिंक्स’ नावाच्या खुल्या सॉफ्टवेअरवर उभं राहिलं. त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत या क्षेत्रात दोनदा तरी सगळं उलटंपालटं झालं. स्फिंक्सच्या जागी ‘काल्डी’ आलं, मग न्यूरल नेटवर्कवरची यंत्रं आली, २०२२ मध्ये ६ लाख ८० हजार तासांच्या आवाजावर शिकलेलं ‘व्हिस्पर’ आलं. जुन्या इंजिनाला आज कुणी हात लावत नाही.

आता इथं थांबा, कारण आजच्या भागाचा गाभा इथं आहे. ड्रॅगनमध्ये भरलेलं प्रोफाइल आणि या शेतकऱ्यांचे आवाज, दोन्ही म्हणजे यंत्राला शिकवण्याचे कष्टच. पण ड्रॅगनचं प्रोफाइल त्या कंपनीच्या कुलपात होतं. सॉफ्टवेअर गेलं की ते वाचायला दुसरं कुणी नाही. शेतकऱ्यांचे आवाज मात्र साध्या ध्वनी-फाइली होत्या, आणि प्रत्येकीसोबत ‘या फाइलीत काय बोललंय’ हे लिहिलेलं. अशी जोडी कुठल्याही नव्या इंजिनाला चारता येते. फोनवरचा आवाज सेकंदाला ८ हजार नमुन्यांचा असतो आणि आजची इंजिनं सहसा १६ हजारांवर शिकतात, त्यामुळे थोडी खटपट करावी लागते. पण खटपट करून काम होतं. विंडोज बदलली, इंजिन बदललं, तरी तो आवाज कामाचा राहतो.

नाव बदललं, यादी कोण बदलणार?

ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने व्हॉइस टायपिंगमध्ये तीस नव्या भाषा घातल्या आणि त्यात मराठी होती. बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि उर्दूही त्याच वेळी आल्या. एका रात्रीत मराठी व्हॉइस टायपिंग लाखो फोनांत पोहोचलं. सीडी नाही, इन्स्टॉलर नाही, ड्रायव्हर नाही. आवाज इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरवर जातो, मजकूर परत येतो.

म्हणजे जुन्या विंडोजचा प्रश्न सुटला? अर्धा सुटला. जुन्या अँड्रॉइडवर एका मर्यादेनंतर ॲपची नवी आवृत्ती उतरत नाही, हे स्वस्तातला जुना फोन वापरणाऱ्याला चांगलं माहीत आहे. उरलेला अर्धा प्रश्न शब्दांच्या यादीचा, आणि तो समजायला धाराशिवसारखं उदाहरण नाही.

गावाचं जुनं नाव धाराशिव. निजामशाहीत ते उस्मानाबाद झालं, सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून. शहराच्या नावबदलाला केंद्राची मंजुरी २४ फेब्रुवारी २०२३ ला मिळाली, जिल्ह्याच्या नावाची अधिसूचना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निघाली, आणि ८ मे २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. नावावरून वाद होता, मतं वेगवेगळी होती, आजही आहेत. आपण इथं फक्त यंत्राच्या बाजूने बघतोय.

२०१० साली बांधलेल्या शब्दयादीत जिल्हा म्हणून ‘उस्मानाबाद’च असणार. तशा बंद यादीच्या यंत्राला ‘धाराशिव’ म्हटलं की ते बिचारं ‘धारा’ आणि ‘शिव’ असे दोन ओळखीचे शब्द ठेवणार, किंवा तिसराच जिल्हा. त्या काळच्या सॉफ्टवेअरला नवं नाव शिकवायचं तर कुणीतरी यादी उघडून ते घालायला हवं, आणि ती माणसं कधीच दुसऱ्या कामाला लागलेली असतात. आजची यंत्रं शब्दांच्या तुकड्यांवर चालतात, म्हणून नवं नावही जुळवू शकतात. पण ज्या मजकुरावर ती वाढली त्यात जे नाव जास्त वेळा आलं तिकडं त्यांचा कल राहतो.

आणि जुनं नाव पुसून टाकूनही चालणार नाही. उस्मानाबादी शेळी ही नोंदलेली जात आहे, बाजारात तिला त्याच नावाने ओळखतात. जानेवारी २०२० मध्ये ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं ते उस्मानाबादला. जुन्या सातबाऱ्यावर, दाखल्यांवर, पदवीच्या कागदावर तेच नाव आहे. म्हणजे इथल्या माणसाचं बोलणं लिहायचं तर यंत्राला दोन्ही नावं यायला हवीत, आणि ती एकाच जागेची आहेत हेही कळायला हवं.

गोष्ट फक्त नावाची नाही. उमरग्याकडं कर्नाटकची हद्द लागते, बोलण्यात कानडी मिसळते. गावोगाव दखनी उर्दू आहे. ‘काय करायलास?’ हे इथलं साधं, रोजचं वाक्य. कट्टा, आडत हे बाजारातले रोजचे शब्द. पुण्या-मुंबईच्या बातम्या ऐकून वाढलेल्या यंत्रापुढं हे बोलायचं म्हटलं की माणूस आपोआप ‘शुद्ध’ बोलू लागतो. यंत्र आपल्याकडून शिकायचं, तर आपणच त्याच्याकडून बोलायला शिकतो.

कुणी म्हणेल, बिघडलं कुठं? बिघडतं ते असं. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम-किसानसाठी ‘किसान ई-मित्र’ हा बोलका सहायक सुरू झाला, पुढं त्यात मराठीही आली. पीकविमा, अनुदान, तक्रार, सगळंच हळूहळू बोलून करायच्या दिशेने चाललंय. धाराशिव हा नीती आयोगाच्या यादीतला आकांक्षित जिल्हा. ज्याला टाइप करता येत नाही त्याला बोलून काम करता आलं तर मोठीच सोय. पण त्याचा तालुका, त्याचं पीक, त्याची वाक्यरचना यंत्राला कळली नाही तर तो पुन्हा कुणाच्या तरी खुर्चीपुढं उभा, ‘भाऊ, एवढं भरून द्या’ म्हणत.

जुना कॉम्प्युटर घरात असेल तर

आता थोडं कामाचं. कुणाच्या ऑफिसात, कुणाच्या माळ्यावर अजून जुना कॉम्प्युटर असेल आणि त्यात एखादं जुनं डिक्टेशन सॉफ्टवेअर असेल. तो फेकण्याआधी किंवा त्यावर नवी विंडोज टाकण्याआधी एवढं करा.

प्रोफाइलचं आख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा. सॉफ्टवेअरमध्ये शब्दयादी बाहेर काढायची सोय असेल तर ती साध्या मजकुराच्या फाइलीत काढा. ती एकच गोष्ट पुढच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला कामी येऊ शकते. जुन्या फॉन्टमधल्या मराठी फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि मूळ फाइल व फॉन्टही ठेवा. बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, म्हणून एकदा डोळ्याखालून घाला.

जुनं सॉफ्टवेअर चालवायचंच असेल तर आधी प्रॉपर्टीजमधला ‘कंपॅटिबिलिटी’ पर्याय वापरून बघा. नाहीच जमलं तर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत जुनी विंडोज. व्हर्च्युअलबॉक्ससारखं साधन फुकट मिळतं. जुन्या विंडोजची आपली अधिकृत प्रत मात्र हवी. त्यात इंटरनेट बंद ठेवा, कारण एक्सपीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं कधीच थांबलंय. आणि मायक्रोफोन यूएसबीचा घ्या. आवाज दोन यंत्रणांतून जात असल्यामुळं थोडा उशिरा किंवा तुटक पोहोचू शकतो, हे आधीच धरून चला.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चाही नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ जुन्या मशीनवर सहज बसत नाही, तिला टीपीएम २.० लागतं. म्हणजे एक्सपीच्या वेळी जे झालं ते आत्ता, या वर्ष-दोन वर्षांत, पुन्हा होतंय. वर सांगितलेली कामं उद्यावर टाकण्यासारखी नाहीत.

जिल्ह्याचे आवाज

राहिला मोठा प्रश्न, धाराशिवच्या बोलण्याचा. २०२२ मध्ये केंद्राची ‘भाषिणी’ योजना सुरू झाली. तिच्या ‘भाषादान’ या ठिकाणी कुणीही आपल्या भाषेतली वाक्यं वाचून आवाज देऊ शकतो. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्येही मराठी आहे. तिथला आवाज सगळ्या जगाला खुला होतो, म्हणून देण्याआधी ते समजून घ्या, आणि दुसऱ्याचा आवाज त्याला विचारल्याशिवाय देऊ नका.

पण तिथं बहुतेक वेळा समोर आलेलं प्रमाण मराठीतलं वाक्य वाचायचं असतं. ‘काय करायलास?’ तिथं कोण लिहिणार? ते आपणच जमवायला हवं. फोनवरचा रेकॉर्डर पुरेसा आहे. आजीला विचारा, पेरणीचं कसं ठरवायचात. आडतीवरच्या काकांना विचारा, भाव कसा फुटतो. दहा मिनिटं रेकॉर्ड करा, आणि मग सगळ्यात कंटाळवाणं पण सगळ्यात मोलाचं काम करा: ते जसं बोललं तसं शब्दन् शब्द लिहून काढा. ‘शुद्ध’ करू नका. ‘गेल्तो’ म्हणाले तर ‘गेल्तो’ लिहा. फाइलीच्या नावात गाव, तालुका आणि तारीख घाला. ध्वनी एका फाइलीत, मजकूर दुसऱ्या साध्या फाइलीत, दोन्ही एकाच फोल्डरमध्ये, आणि दोन ठिकाणी प्रती.

एखाद्या कॉलेजने ठरवलं तर एका सत्रात आठही तालुक्यांतले आवाज जमतील. प्रत्येक तालुक्यातून वीस माणसं धरली तर एकशे साठ. त्यात बाया हव्यात, म्हातारी माणसं हवीत, उमरग्याकडचे कानडी घरात बोलणारे हवेत, दखनी बोलणारे हवेत. हा साठा आजच्या इंजिनाला लागेल, आणि दहा वर्षांनी जे इंजिन येईल, ज्याचं नावही आज कुणाला माहीत नाही, त्यालाही लागेल.

तुमच्या फोनवर त्या आठ नावांचं काय झालं ते कमेंटमध्ये लिहा. तालुका, फोन किती जुना आणि कुठलं नाव चुकलं, एवढंच पुरे. आलेल्या चुकांची यादी पुढच्या भागात वाचून दाखवेन. तोवर राम राम!